सुपरफ्लुइडमधले भोवरे: आधी वही काढ

खानापूरला मलप्रभेच्या पुलावरून भोवरे बघत वाढलास ना, मग डोळा तयार आहेच. नदीतला भोवरा कमी-जास्त कसाही फिरतो. २.१७ केल्व्हिनखाली द्रव हेलियम सुपरफ्लुइड होतो, म्हणजे घर्षणाशिवाय वाहतो. त्यात मात्र भोवऱ्याभोवतीचं अभिसरण (एका पूर्ण फेरीत वाटेवरच्या वेगाची बेरीज) प्लांकचा स्थिरांक भागिले अणूचं वस्तुमान, याच्या पूर्ण पटीतच असतं. का? एक फेरी मारून परत आलं की फेज (सगळ्या अणूंच्या सामायिक क्वांटम लहरीचा कोन) ३६० अंशांच्या पटीतच बदलू शकते. वर्तुळावर आठ बाण काढ, प्रत्येक आधीच्यापेक्षा ४५ अंशांनी वळव, लगेच दिसेल.

नवखे इथे हमखास अडकतात:
- ‘घर्षण नाही’ म्हणजे कितीही वेग चालतो, असं धरतात. ठरावीक वेगापुढे भोवरे सुटतातच.
- सिम्युलेशनला भोवऱ्याच्या मधल्या गाभ्याहून मोठ्या चौकटींची जाळी घेतात. भोवरा त्यातच हरवतो.

क्वांटम टर्ब्युलन्सला (अशा अनेक भोवऱ्यांच्या गुंत्याला) सध्या हात लावू नकोस. अडलास तर वहीचा फोटो पाठव, रात्री बघतो.