औषध दिसेनासं झालं, पण गेलं कुठे?

तू लिहितेस, "बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकाशाने पाण्यातली औषधं नष्ट करता येतात हे वाचून भारावले. पुढे रसायनशास्त्र घेऊ की पर्यावरणशास्त्र?"

रसायनशास्त्र घे, त्यातही विश्लेषणात्मक, म्हणजे कशात काय आणि किती आहे हे शोधणारं. कारण तुझ्या पत्रातला 'नष्ट' हा शब्द मला खटकला.

डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक बघ. त्याचा रेणू उन्हातला अतिनील प्रकाश स्वतःच शोषतो, क्लोरीनचा अणू सुटतो आणि उरलेल्या रेणूत नवं कडं जुळतं. उथळ, नितळ पाण्यात हे झपाट्याने होतं. फिट्सवरचं कार्बामाझेपिन मात्र उन्हाला सहजासहजी दाद देत नाही. त्याच्यासाठी हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोर येईल त्या रेणूवर तुटून पडणारे अल्पजीवी कण, तयार करावे लागतात: २५४ नॅनोमीटरचा दिवा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा टायटॅनियम डायऑक्साइड या उत्प्रेरकावर अतिनील प्रकाश. तेव्हा कुठे ते फुटतं. पण फुटताना ॲक्रिडीन तयार होऊ शकतं, आणि तेही घातकच! म्हणजे औषध दिसेनासं झालं, तरी पाणी निर्धोक झालं असं नव्हे. एकूण सेंद्रिय कार्बन घटला नसेल, तर तो तुकड्यांच्या रूपात पाण्यातच आहे. हे तुकडे शोधायला एलसी-एमएस हे मिश्रणातले रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं उपकरण लागतं. ते चालवता येणं आणि त्याचे आलेख वाचता येणं, ही तुझी खरी शिदोरी. 'प्रकाशरसायनतज्ज्ञ हवेत' अशी जाहिरात क्वचितच दिसेल. पाणी तपासणाऱ्या आणि औषधं बनवणाऱ्या प्रयोगशाळांना उपकरण जाणणारी माणसं मात्र लागतातच. जोडीला थोडं विषशास्त्र शिकलीस तर उत्तम.

प्रोजेक्टला उत्प्रेरक आणि प्रकाश वापरून मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग उडवून दाखवण्याचा मोह होईल. (मला तो प्रयोग कधीच पटला नाही. तो रंग स्वतःच प्रकाश शोषतो, मग श्रेय उत्प्रेरकाचं की रंगाचं?) त्यापेक्षा एखादं औषध घे आणि डिस्टिल्ड पाण्याबरोबर खरं सांडपाणीही वापर. सांडपाण्यातले ह्यूमिक पदार्थ, म्हणजे कुजलेल्या जैविक पदार्थांतून आलेली तपकिरी द्रव्यं, प्रकाश अडवतात आणि रॅडिकलही खाऊन टाकतात. गंमत म्हणजे उन्हात तेच काही औषधांना फोडायला मदतही करतात. निकाल विचित्र आले तर घाबरू नकोस.

आणि उत्प्रेरक घातलेली एक बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेव. तिच्यातही औषध कमी झालं, तर ते प्रकाशाने फुटलेलं नाही, बहुधा उत्प्रेरकाच्या कणांना नुसतं चिकटलंय.