प्रिंट कुठेही काढा, पाटल्या घरातच ठेवा

पत्र साताऱ्याहून आलंय. वय ३६, एमआयडीसीत नोकरी, घरी पत्नी आणि मुलगी, गृहकर्जाचे हप्ते चालू. सुट्टीला कॅमेरा घेऊन कास, ठोसेघर, सज्जनगड. गेल्या वर्षी २० बाय ३० इंचाची ११ एन्लार्जमेंट विकली गेली, बहुतेक कास रस्त्यावरच्या एका हॉटेलातून. गावातली लॅब प्रिंटला ११०० घेते. पुण्याची लॅब सुती कागदावर टिकाऊ पिगमेंट शाईने काढते. एकेक काढली तर १९००, शंभर एकदम काढल्या तर १५००. पुण्याला ऑर्डर देऊ का, हा प्रश्न. त्यासाठीचे दीड लाख पत्नीच्या पाटल्या तारण ठेवून उभे करणार. आणि जाता जाता एक ओळ: ‘वर्षाने एकरकमी फेडतो, तेव्हा पॉलिसीला पाच वर्षं होतील, पैसे दुप्पट मिळणार आहेत.’

लॅबचं नंतर बघू. ही शेवटची ओळ वाचून मी तुम्ही जोडलेलं पॉलिसीचं पान आधी उघडलं.

वार्षिक हप्ता ६० हजार. हप्ते भरण्याची मुदत १२ वर्षे, पॉलिसीची मुदत २० वर्षे, विमा रक्कम ६ लाख. ‘पाच वर्षं भरा, दुप्पट घ्या’ हे त्या पानावर कुठेही नाही. ते फक्त तुमच्या पाहुण्यांतल्या एजंटच्या तोंडी आहे, आणि तोंडी बोलण्यावर कुठलीच कंपनी पैसे देत नाही. दरवर्षी भरलेले ६० हजार पाचव्या वर्षाअखेर दुप्पट व्हायचे तर वर्षाला २४ टक्क्यांच्या आसपास परतावा लागेल. अशा पारंपरिक पॉलिसीत शेवटपर्यंत टिकलात तरी पाच-साडेपाच टक्के सुटतात.

मग वर्षाने हातात काय पडेल? तुमच्या पॉलिसीच्या वेळच्या नियमांनुसार चौथ्या ते सातव्या वर्षात सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच मोडली, तर भरलेल्या हप्त्यांच्या निम्म्या रकमेची हमी असते. तीन लाख भरलेत, म्हणजे दीड लाख. बोनसचं थोडं वर. सोनेतारणाचं व्याज १२ टक्के धरलं तर त्याच दिवशी तुमचं देणं १ लाख ६८ हजार, आणि दारात सहावा हप्ता उभा. तुम्ही दुप्पट म्हणजे सहा लाखांच्या भरवशावर पाटल्या ठेवताय. मुदतीत फेडलं नाही तर आधी नोटीस येते, मग लिलाव.

कंपनीकडून आजची सरेंडर रक्कम आणि पेड-अप रक्कम, दोन्ही लेखी मागवा. पेड-अप केलं, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर ६ लाखांचे बारापैकी पाच हिस्से, म्हणजे अडीच लाख आणि जमलेला बोनस, पण हे सगळं १५-१६ वर्षांनी. आज दीड लाख सुटून ते सात टक्क्यांनी वाढले तर तेवढ्याच काळात चार लाखांच्या पुढे जातात. मी असतो तर सोडली असती. एजंट पाहुणा आहे म्हणून आणखी ४ लाख २० हजार भरायचे, हा आहेर फारच महाग पडतो. सोडण्याआधी मात्र एक कोटीचा टर्म इन्शुरन्स (मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) हातात पडू द्या. तब्येत ठणठणीत असेल तर वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. गृहकर्ज डोक्यावर असताना सहा लाखांचा विमा म्हणजे नसल्यातच जमा.

आता लॅब. शंभराच्या ऑर्डरीत प्रिंटमागे ४०० वाचतात. विकल्या ११, वाचले ४४००. व्याज १८ हजार. उरलेल्या ८९ प्रिंट कपाटात, साताऱ्याच्या पावसाळ्यात. पुण्याहूनच काढा, पण ऑर्डर आली की एकेक, आणि निम्मे पैसे आगाऊ घेऊन.

तुमचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० ठिपके देतो, म्हणजे २० बाय ३० ला इंचाला २००. भिंतीवर पुरेसे आहेत. पहिल्यांदा पूर्ण प्रिंट काढूच नका. त्या मापाला मोठ्या केलेल्या फोटोचा ८ बाय १० चा तुकडा कापून दोन्ही लॅबमध्ये काढा, आणि त्यात कासच्या फुलांपैकी तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळा येईल असं बघा. जांभळा निळ्याकडे झुकलेला दिसला तर लॅबचं कलर प्रोफाइल, म्हणजे त्यांच्या प्रिंटरवर आणि कागदावर रंग कसे उतरतात त्याची फाइल, मागा, ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. फ्रेम करताना काच प्रिंटला टेकू देऊ नका, मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट हवाच. दमट हवेत कागद काचेला चिकटला की ते १९०० गेले.

आणि किंमत वाढवा. ४५०० ला विकता. प्रिंट १९००, फ्रेम ११००, हॉटेलचं २० टक्के कमिशन ९००, उरले ६००. त्यात पेट्रोल धरलेलंच नाही. ५५०० लावलेत तर कमिशन ११०० जाऊन १४०० उरतात. हॉटेलवाल्याशी आधी हे बोला. एजंट घरी चहाला आला तर दुप्पटवालं वाक्य त्याच्याकडून कागदावर सहीनिशी लिहून घ्या.