गिऱ्हाईक परत पाठवणारी मुलगी

धायरीहून एका मेडिकल दुकानदारांचं पत्र आलंय. “मुलीला नीटमध्ये मार्क कमी पडले. आता डी.फार्म. (फार्मसीची पदविका) करून दुकानात बसावं, म्हणजे दुकानाचं लायसन्स घरातच राहील. तिला बी.फार्म. (पदवी) करायचंय. धंद्याची समज नाही. सुट्टीत काउंटरवर बसवली, तर सर्दीसाठी अझिथ्रो मागणारी दोन गिऱ्हाइकं चिठ्ठी नाही म्हणून परत पाठवली. खूप बोललो तिला. दोन-तीन गोळ्यांनी शरीराला सवय थोडीच लागते? तिला कसं समजावू?”

समजावू नका. आधी तिची माफी मागा.

मार्कांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती “खूप बोललो” या दोन शब्दांची. अझिथ्रो म्हणजे अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सरकारच्या शेड्युल एच या यादीतलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पाकिटावरची लाल रेघ तेच सांगते. बारावी झालेली मुलगी अनोळखी माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणाली. हे धाडस कुठल्याच कॉलेजात शिकवून येत नाही, आणि तुम्ही ते घरातच मोडायला निघालात. लायसन्स घरात राहावं म्हणून कुणी मुलीला शिकवतं का?

आता ती ‘सवय’. सवय शरीराला नाही, जंतूंना लागते. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. पण गोळी पोटात गेली की आतड्यातले, घशातले साधे जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात, वाढतात, घरातल्या इतरांकडेही जातात. उद्या त्याच घरात कुणाला लघवीचा संसर्ग झाला, तर नेहमीचं औषध लागू पडेलच असं नाही. आणि ज्याला खरंच गरज आहे, त्याचा उपचार दोन गोळ्यांनी अर्धवट राहतो. अपुऱ्या डोसानं जंतू निर्ढावतील, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी 1945 मध्येच नोबेलच्या भाषणात सांगितलं होतं. आपल्या पिंपरीत पेनिसिलिन बनायला लागलं 1955 मध्ये, म्हणजे त्या इशाऱ्यानंतर दहा वर्षांनी.

गिऱ्हाईक तोडायचं नसतं, हे मलाही कळतं. पण ताप किती दिवस आहे, औषध कुणासाठी हवंय, कशाची अॅलर्जी आहे का, दम लागतोय का, हे विचारून गरज असेल त्याला डॉक्टरकडे पाठवणारा फार्मासिस्ट लोक विसरत नाहीत. आपल्याकडे कितीतरी जण डॉक्टरच्या आधी मेडिकलमध्येच जातात.

मार्ग सरळ आहे: एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन 4 वर्षांचं बी.फार्म., किंवा हॉस्पिटलची ओढ असेल तर 6 वर्षांचं फार्म.डी. डी.फार्म.सुद्धा चांगलं, पण तिनं निवडलं तर.

या रविवारी दुकानातलं एच-1 रजिस्टर, म्हणजे शेड्युल एच-1 यादीतल्या औषधांच्या विक्रीची नोंदवही, तिच्या हातात द्या. सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिक औषधांसाठी ते 2014 पासून सक्तीचं आहे. डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं, काय लिहायचं राहिलंय ते ती दाखवेल. शांतपणे ऐकून घेतलंत, तर शिकून झाल्यावर ती तुमच्या काउंटरवर येईलही. नाही तर तिनं दुसरीकडे नोकरी धरावी, असंच मी तिला सांगेन.