जपानीतलं बायकी-पुरुषी बोलणं: येण्याआधी किती शिकावं?

तुम्ही दोघं टोकियोला येताय, दोघांची एन५ ही जपानीची सर्वांत सोपी परीक्षा झालीय. बायकांची आणि पुरुषांची जपानी वेगळी असते असं ऐकलंत, तर ती वेगळी शिकावी लागेल का, असा तुमचा प्रश्न. आधी दिलासा देतो. ऑफिस, वॉर्ड कार्यालय, दवाखाना, घरमालक, सगळीकडे जी ‘देस-मास’ची, म्हणजे वाक्याच्या शेवटी ‘देस’ किंवा ‘मास’ येणारी सभ्य भाषा चालते तिच्यात हा भेद जवळजवळ नाही. मराठीत बाईने ‘जातो’ म्हटलं की वाक्यच चुकतं. जपानी क्रियापदाला लिंग नाही, ‘इकिमास’ (जातो/जाते) दोघांचंही. जपानीत बायकी-पुरुषी शब्दांत चुकलात तर वाक्य बरोबरच राहतं, पण बोलणाऱ्याबद्दलचं मत बदलतं, आणि ते सहसा कुणी तोंडावर सांगत नाही. म्हणूनच हे नीट समजून घ्या.

फरक आहे तो मैत्रीतल्या, घरगुती बोलण्यात. त्यातही मुख्यतः ‘मी’च्या शब्दात आणि वाक्याच्या शेवटी. मुलाखतीत आणि ईमेलमध्ये दोघांनीही ‘वाताशी’च म्हणावं. मित्रांमध्ये मात्र पुरुषाचं ‘वाताशी’ ताठर वाटतं. तिथे ‘बोकु’ मवाळ, ‘ओरे’ रांगडं. साहेबांसमोर ‘बोकु’ बऱ्याच ठिकाणी खपतं, ‘ओरे’ खपत नाही. बाईंना ‘वाताशी’ सगळीकडे पुरतं. मैत्रिणींकडून ‘आताशी’, ‘उची’ कानावर येईल, पण ते उचलायची घाई नको.

खरी गोम वाक्याच्या शेवटी आहे. ‘सुंदर आहे ना’ याला ‘किरेई देस ने’ हे दोघांचं. मित्रांमध्ये त्याचं ‘किरेई दा ने’ होतं. ‘दा’ गाळून नुसतं ‘किरेई ने’ म्हटलं की ते बायकी ऐकू येतं. ‘सोओ दा यो’ (हो, तसंच आहे) आणि ‘सोओ यो’ यांचंही तसंच. शिक्षिकेकडून किंवा बायकोकडून शिकलेले पुरुष नेमके इथे घसरतात: ‘देस’ काढायचं लक्षात राहतं, त्याजागी ‘दा’ घालायचं राहून जातं. उलट ‘ओइशी’ (चविष्ट)सारख्या ‘इ’ने संपणाऱ्या विशेषणांना ‘दा’ लागतच नाही. ‘ओइशी ने’ दोघांचंही चालतं. हल्लीच्या मुली ‘दा यो ने’ (तसंच आहे ना) सर्रास म्हणतात, त्यामुळे बाईंनी ‘दा’ला घाबरायचं कारण नाही.

अ‍ॅनिमेवरून शिकत असाल तर जपून. ‘तू’साठी ‘ओमाए’, ‘तेमे’, ‘शिरो’ (कर), ‘कोई’ (ये) असे आज्ञार्थ, वाक्याच्या शेवटचे ‘झो’ आणि ‘झे’, ‘सुगोई’ (भारी)चं ‘सुगे’, ‘ताबेरु’ (खाणे)ऐवजी ‘कू’ ही सगळी रांगडी पुरुषी भाषा. नवख्या पुरुषाच्या तोंडीही ती उद्धट वाटते, बाईच्या तोंडी तर फारच. समोरच्याला ‘तू-तुम्ही’साठी शब्दच शोधू नका, आडनावाला ‘सान’ लावून हाक मारा.

दुसरं टोक म्हणजे अगदी बायकी बोली: वाक्याच्या शेवटी चढत्या सुरातलं ‘वा’, ‘नो यो’, ‘काशिरा’ (असेल का बरं?). अशी बोली मेइजी काळात (१८६८–१९१२) टोकियोच्या शाळकरी मुलींमध्ये रुजली. तेव्हा तिला नावं ठेवली गेली, पुढे तीच सुसंस्कृत बाईची खूण ठरली. आज टोकियोतल्या तरुणी असं फारसं बोलत नाहीत. ती मुख्यतः कथा-कादंबऱ्यांत आणि डब केलेल्या परदेशी सिनेमांतल्या नायिकांच्या तोंडी उरलीय. समजण्यापुरती माहीत असू द्या. ‘काशिरा’ऐवजी ‘काना’ म्हणा, ते दोघांनाही शोभतं. ओसाकात पुरुषाने ‘इकु वा’ (जातो) म्हटलं तर दचकू नका. तिथला ‘वा’ उतरत्या सुरात येतो आणि त्याचा बायकीपणाशी संबंध नाही.

एक शब्द पहिल्याच आठवड्यात लागेल: जोडीदाराचा उल्लेख. नवऱ्याला ‘शुजिन’ म्हणण्याची पद्धत अजून आहे, पण तो शब्द मालक या अर्थाचा असल्याने अनेकींना आवडत नाही. ‘ओत्तो’ आणि ‘त्सुमा’ हे सरळ नवरा आणि बायको. फॉर्मवर आणि बोलण्यात दोन्हीकडे चालतात. दुसऱ्याच्या बायकोला मात्र ‘त्सुमा’ म्हणायचं नाही, ‘ओकुसान’ म्हणायचं, आणि दुसरीच्या नवऱ्याला अजूनही ‘गोशुजिन’च जास्त चालतं.