पाळी बंद झाल्यापासून आईला (वय 62) सारखं युरिन इन्फेक्शन का होतं?

मुख्य कारण इस्ट्रोजेन कमी होणं; स्वच्छतेत कसूर असतेच असं नाही. या हार्मोनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन (एक प्रकारची साखर) साठतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करून पीएच (आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 3.5 ते 4.5 ठेवतात. पाळी गेल्यावर अस्तर पातळ होतं, लॅक्टोबॅसिलस घटतात, पीएच 5 च्या वर जातो आणि गुदद्वाराजवळचा ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू तिथे ठाण मांडतो. तिथून मूत्राशय हाकेच्या अंतरावर. दर वेळी फक्त अँटिबायोटिकचा कोर्स केला तर उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही मरू शकतात, म्हणून चक्र थांबत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. इस्ट्रिऑलचं (अशा क्रीममधला इस्ट्रोजेनचा एक प्रकार) नेहमीचं वेळापत्रक:
- पहिले 2 आठवडे रोज रात्री
- नंतर आठवड्यातून 2 वेळा

फरक पडायला 2-3 महिने लागतात; त्याआधीच सोडू नका. इस्ट्रोजेनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा यासाठी उपयोग होत नाही.

मात्र स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा पाळी गेल्यावरही रक्त जात असेल, तर तपासणीआधी क्रीम नको. आणि जळजळ नसताना नुसत्या कल्चरमध्ये (लघवीतले जिवाणू वाढवून पाहायची तपासणी) जिवाणू दिसले, तर सहसा अँटिबायोटिक लागत नाही.