साखर सोडली, तरी शुगर का उतरत नाही?

"मॅडम, वर्ष झालं, साखरेचा कण तोंडात घातला नाही. तरी रिपोर्ट वाढतोच आहे." आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या मधुमेहींकडून मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं ते हेच. नाशिकमधल्या म्हसरूळच्या एक काकूही हेच म्हणाल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). वय 58, सोबत मुलगा आणि सून. रक्तातल्या शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 8.6. काकूंचं बोलणं पुरं व्हायच्या आत मुलगा म्हणाला, "चोरून खात असणार. त्याशिवाय का वाढते?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मुलाला आणि सुनेला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि काकूंना म्हटलं, "तुम्ही खोटं बोलत नाही, हे धरूनच मी पुढे जाते. आता काल दिवसभरात काय काय खाल्लं ते सांगा. बरं-वाईट मी काही म्हणणार नाही."

सकाळी गुळाचा चहा, सोबत दोन शुगर फ्री बिस्किटं. नाश्त्याला नागलीची पेज, कारण ती शुगरला चांगली असं कोणीतरी सांगितलेलं. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, भाजी, आमटी आणि शेवटी भात. तो पोटभर नाही, पण त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. दुपारी आणि संध्याकाळी परत गुळाचा चहा. रात्री भाकरी आणि वरणभात. साखर खरंच कुठेच नव्हती.

पण रक्तातली शुगर फक्त साखरेनं वाढत नाही. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा या सगळ्यांतल्या पिष्टाचं पचन झालं की त्याचं ग्लुकोजच होतं. गहू, ज्वारी, बाजरी, नागली यांतलं कुठलंही घ्या, 100 ग्रॅम पिठात साधारण 60 ते 75 ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, म्हणजे मुख्यतः पिष्ट आणि साखर) असतात. भाकरीत तंतू असल्यामुळे शुगर सावकाश चढते, हा फायदा खरा आहे. पण सावकाश चढते म्हणजे चढतच नाही, असं नाही. आणि तेच धान्य बारीक दळून पातळ पेज करून प्यायलं की तो सावकाशपणाही बराचसा जातो. गुळाचं तर विचारूच नका. थोडीफार खनिजं सोडली तर गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. शुगर फ्री बिस्किटात साखर नसते, मैदा असतो.

हे सगळं सांगून काकूंना पटलं नाही. मान हलवली, पण चेहऱ्यावर "भाकरीसुद्धा सोडू का आता?" हाच प्रश्न होता. म्हणून सुनेला सांगितलं, घरी वजनकाटा असेल तर आई भाकरी करायला बसल्या की एका भाकरीला लागणारं पीठ मोजा, काही बोलू नका, फक्त मोजा. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "मॅडम, 90 ग्रॅम." काकूंच्या हातची भाकरी ताटाएवढी, सासरी शिकलेली. म्हणजे एका भाकरीत साठेक ग्रॅम कार्ब. तीस ग्रॅम पिठाच्या पातळ पोळीत वीसेक असतात. "पोळी सोडून भाकरीवर आले" म्हणत काकू दोन पोळ्यांच्या जागी सहा पोळ्यांइतके कार्ब घेत होत्या, वर भात वेगळाच. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "भाकरी खा" सगळे सांगतात, केवढी ते कोणी सांगत नाही.

मग घरच्या ग्लुकोमीटरवर जोडीनं तपासणी करायचं ठरवलं. जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. मला विचाराल तर नुसती उपाशीपोटीची शुगर बघत बसण्यापेक्षा ही जोडी माणसाला जास्त शिकवते. नेहमीच्या जेवणाला आकडे आले 138 आणि 254. दुसऱ्या दिवशी एकच भाकरी, तीही 50 ग्रॅम पिठाची. मटकीची उसळ दुप्पट, मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर, ताक. भात नाही. आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी नंतर. त्या दिवशीचे आकडे 134 आणि 179. जेवणानंतर 180 च्या आत, हे बहुतेक मधुमेहींना दिलं जाणारं लक्ष्य आहे. काकूंनी दोनदा विचारलं, "यंत्र बिघडलं नाही ना?"

भात त्यांना सोडवत नव्हता आणि मी सोडायला लावलाही नाही. भात हवा त्या दिवशी भाकरी नाही, आणि भात एक छोटी वाटी, डाळ दोन वाट्या. रविवारी घरात मिसळ असते. नाशिकमध्ये राहून मिसळ बंद करा म्हणणं मला जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. मटकी चांगलीच असते. कार्ब जास्त असतात ते पावात आणि फरसाणात. एक पाव, फरसाण नावाला, मटकी आणि कांदा भरपूर, सोबत दही. चहा बिनगुळाचा करायला मात्र त्यांना दोन-तीन आठवडे लागले. आधी अर्धा चमचा कमी, मग आणखी अर्धा.

द्राक्षांचा हंगाम आला तेव्हा दिंडोरीच्या भावाकडून पेटी आली. 100 ग्रॅम द्राक्षांत 16-17 ग्रॅम कार्ब असतात. दहा-बारा मणी वाटीत मोजून घ्यायचे, जेवणावर नाही, मधल्या वेळेला. पेटी समोर ठेवून टीव्ही बघत खाल्ली तर हिशेब राहत नाही. बेदाणे तर नकोच.

मला खरी काळजी वेगळीच होती, ती एकादशीची. काकू शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी पोटात गेली आणि जेवण झालं नाही, तर शुगर फार खाली येऊ शकते. एकादशीला सकाळी त्या गोळी घेत, दुपारपर्यंत काही खात नसत आणि मग एकदम भगर नाहीतर साबुदाण्याची खिचडी. सकाळी अकराच्या सुमाराला हात थरथरायचे, घाम फुटायचा. तेव्हा साध्या पाण्याचा ग्लास पिऊन त्या पडून राहायच्या. घरात साखर होती, पण साखरेला हात लावला तर मुलगा काय म्हणेल!

हे ऐकून मी मुलाला आत बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं. शुगर 70 च्या खाली गेली तर आईला ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरीही कमी असेल तर परत द्यायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि "काय खाल्लंस?" हा प्रश्न घरात विचारायचा नाही. त्या प्रश्नापायी तुमची आई औषध म्हणून लागणारी साखरसुद्धा घेत नव्हती. तो बराच वेळ गप्प बसला. मग आईला म्हणाला, "मला हे माहीतच नव्हतं गं."

उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची, हे आम्ही ठरवलं नाही. काकू त्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या, त्यांनी वेळ आणि डोस बदलून दिला. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचाच. कार्ब एकदम कमी केले तर एरवीसुद्धा त्यांना कळवावं लागतं. उपवासाच्या ताटात आम्ही साबुदाणा काढून भगर एक वाटी ठेवली, दाण्याची आमटी आणि दही वाढवलं, आणि सकाळी दूध व मूठभर भाजलेले शेंगदाणे घ्यायचे ठरलं.

रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं गच्चीवर फेऱ्या सुरू झाल्या. पुढच्या तपासणीत एचबीएवनसी 7.5 आली. डॉक्टरांनी त्यांना 7 चं लक्ष्य दिलंय, म्हणजे अजून काम बाकी आहे. रात्रीचा वरणभात अजून सुटलेला नाही, सध्या त्याच वाटीवर आमची बोलणी चालू आहेत.