ताट पुढे ठेव, मग वही उघड

बाय,

अनेक आशीर्वाद. रात्री पाठ केलेला जीवनसत्त्वांचा तक्ता सकाळपर्यंत पुसला जातो, ‘बी’च्या जागी ‘डी’ येऊन बसतं, असं लिहिलंस. बसणारच! रेल्वेचं वेळापत्रक घोकावं तसा तू तो घोकते आहेस. वही मिट. ताट पुढे ठेव.

उकड्या तांदळाची पेज घे. भात तुसासकट भिजवून वाफवतात, तेव्हा कोंड्यातलं थायमिन, म्हणजे बी१, दाण्याच्या आत शिरतं. म्हणून गिरणीत कोंडा काढल्यावरही ते बरंचसं टिकतं. पांढऱ्याशुभ्र सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळात कोंड्याबरोबर तेही गेलं. जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरनं पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्या लुळ्या पडलेल्या पाहिल्या. कोंडा न काढलेला, असडीक तांदूळ मिळाल्यावर त्या बऱ्या झाल्या. त्याला आधी जंतूंचाच संशय होता. नोबेल मिळालं १९२९ साली, हॉपकिन्सबरोबर विभागून. आता बेरीबेरी, म्हणजे माणसांतला तसाच लुळेपणाचा आजार, कशामुळे, हे विसरून दाखव! आणि बी१ पाण्यात विरघळतं, म्हणून शीत गाळून पाणी ओतलं की तेही मोरीत जातं. पेजेत ते पाणी पोटातच येतं.

तांबड्या भाजीवर, म्हणजे लाल माठावर, खोबरं का घालतात? चवीसाठीच. पण त्या भाजीतलं कॅरोटीन, ज्याचं शरीरात ए जीवनसत्त्व बनतं, स्निग्धाशिवाय आतड्यात नीट शोषलं जात नाही. ए, डी, ई, के ही चारही त्याच वाटेची. त्याच भाजीतलं लोह शोषायला लिंबू मदत करतं, जेवणावरचा चहा आडवा येतो. बांगड्यातलं लोह त्यापेक्षा सहज शोषलं जातं. अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची आमटी, शितावर, भातावर घेतेस ना? प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन तांदळात कमी, मेथिओनिन कडधान्यात कमी; एकमेकांची उणीव भरून काढतात. हे सगळं ताटात आहे, बाय. ताटात!

‘स्वयंपाकघरातल्या गप्पा मारून अभ्यासक्रम पुरा होत नाही,’ असं स्टाफरूममध्ये मला पुष्कळ ऐकवलं गेलं. नसेल होत. पण मी शिकवलेल्या मुली आजही रक्तक्षयाच्या रुग्णाला आधी चहाची वेळ विचारतात. ते ऐकवणाऱ्यांच्या नोट्स कुठे आहेत कोण जाणे. जाऊ दे, माझं रडगाणं परीक्षेला येणार नाही.

गणित मात्र येईल. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे ४ किलोकॅलरी, मेद ९. ६० ग्रॅम कर्बोदकं, १० प्रथिनं, ८ मेद म्हणजे २४०, ४० आणि ७२, एकूण ३५२. एकक लिही, नुसत्या आकड्याला गुण कापतात. हे तेवढं पाठच कर, इथे ताट कामाचं नाही.

बी१२ मासे, अंडी, दुधात असतं. भाजीत शोधू नकोस. तुझी आई श्रावण पाळते, तेव्हा घरात ते कुठून येतं, एवढं मला उद्या लिहून पाठव. तक्ता न बघता.